फुगवण न केलेली द्राक्षे

माझे लग्न मे 2008 मध्ये झाले आणि मी दिंडोरी तालुक्यातील कादवाकाठच्या या गावात नांदायला आले, तेव्हा घरामागच्या माळावर सहा एकर वाईन द्राक्षांची बाग उभी होती. माझे माहेर सटाण्याकडचे. कांदा, डाळिंब आणि थोडी अर्ली द्राक्षे यांत बालपण गेल्यामुळे बाग मला नवी नव्हती. पण माहेरचे द्राक्ष म्हणजे लांबट, हिरवे, बिनबियांचे थॉमसन, आणि येथे पहिल्या जानेवारीत माझ्या तळहातावर जे मणी आले ते वाटाण्याहून थोडे मोठे, काळेशार, जाड सालीचे आणि आत दोन-तीन बिया असलेले होते. मणी तोंडात फोडला तेव्हा आधी विलक्षण गोडी आली आणि मग सालीचा तुरटपणा बराच वेळ जिभेवर बसून राहिला. माझे सासरे, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात, म्हणाले, ‘‘हे शिराज. याला बाजारात कोणी हात लावणार नाही. हे फक्त वाईनचंच.’’

त्या बोलण्याचा अर्थ मला महिनाभरातच कळला.

नानांनी 2005 साली ही लागवड केली, तेव्हा अर्धा जिल्हा त्याच विचारात होता. पुणे जिल्ह्यात नारायणगावला 1980 च्या दशकातच वाईन तयार होऊ लागली होती. आमच्याकडे गंगापूर धरणाजवळ 1999 मध्ये सुला ही वाईन कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिची पहिली वाईन बाजारात आली. राज्य सरकारने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, आणि निफाड तालुक्यातील विंचूरला व सांगली जिल्ह्यातील पलूसला वाईन पार्क आखले गेले. खाण्याच्या द्राक्षाचे कष्ट आणि त्यानंतरचा बाजाराचा घोर ज्यांनी सोसला आहे, त्यांना वाईन द्राक्षाचा करार किती आकर्षक वाटला असेल हे मी समजू शकते. दर आधी ठरलेला, माल उचलण्याची हमी, आणि तोडून नेलेल्या मालाचे पैसे बुडवून व्यापारी परागंदा होण्याची धास्ती नाही. नानांनी एका कंपनीशी करार केला, थॉमसनची जुनी बाग काढली आणि पांढऱ्या वाईनची चेनिन ब्लां व लाल वाईनची शिराज या दोन जाती लावल्या.

नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईवर हल्ला झाला. जागतिक मंदी आधीच सुरू झाली होती. हॉटेले ओस पडली, वाईनचा खप घसरला, आणि फेब्रुवारी 2009 मध्ये, आमची चेनिन तोडणीला आलेली असताना, ‘टाक्या रिकाम्या नाहीत, माल थांबवा’ असा निरोप आला. द्राक्ष थांबत नाही. दररोज गोडी चढत होती, आंबटपणा उतरत होता, मणी सुकत चालले होते, आणि गांधीलमाश्यांचे थवे ओळींवर बसत होते. थॉमसनचा भाव पडला तर निदान बेदाणा करता येतो. बियांच्या, जाड सालीच्या या मण्यांचा बेदाणाही होत नाही. शेवटी अर्धा माल मिळेल त्या दराने गेला आणि उरलेला आम्ही स्वतःच्या हातांनी तोडून खताच्या खड्ड्यात टाकला. त्या आठ दिवसांत नाना कोणाशी बोलले नाहीत. नव्या सुनेने अशा वेळी काय करावे हे मला सुचत नव्हते. मी कात्री घेऊन ओळीत उभी राहिले आणि घड तोडत राहिले, एवढेच मला आठवते.

पुढच्या दोन वर्षांत आसपासच्या किती वाईनच्या बागा निघाल्या याची मोजदाद मी करू शकत नाही, पण आमच्या शिवारात तरी आमची एकच उरली. कोणी वेली मुळासकट उपटल्या, कोणी खोडावर पुन्हा थॉमसनचे कलम भरले. आम्हीही दोन एकर काढली. चार एकर राहिली: अडीच एकर चेनिन आणि दीड एकर शिराज. ती का राहिली, याचे उत्तर आमच्या घरात वेगवेगळे दिले जाते. माझे उत्तर असे आहे की एका रात्री माझ्या पतींनी मला विचारले, ‘‘तू मायक्रोबायोलॉजी शिकली आहेस. यीस्ट सांभाळता येईल तुला?’’ आणि मी हो म्हणाले.

त्यानंतर चार हंगाम आम्ही दुसऱ्यांच्या वायनरीत टाकी भाड्याने घेऊन शिकलो. पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात जाऊन शंका विचारल्या, चुका केल्या, त्यांची वही ठेवली. 2014 च्या हंगामाला आमचे स्वतःचे शेड उभे राहिले: आठ स्टीलच्या टाक्या, एक प्रेस, एक चिलर आणि एका कोपऱ्यात माझे प्रयोगशाळेचे टेबल. त्याच मार्चमध्ये गारपीट झाली आणि शिराजचा निम्मा माल ओळीतच गेला. चेनिन तोवर टाकीत पोहोचली होती.

येथे आमच्या बाबांविषयी सांगितले पाहिजे. बाबा म्हणजे माझे आजेसासरे. गळ्यात तुळशीची माळ, वर्षाला आषाढी आणि त्र्यंबकची वारी, आणि आयुष्यात दारूचा थेंब नाही. सातबारा त्यांच्याच नावावर असल्यामुळे परवान्याच्या कागदांवर त्यांची सही लागणार होती. ते कागद त्यांनी आठ दिवस देवघरात ठेवले. नवव्या दिवशी सही केली आणि दोन अटी सांगितल्या: गावात एकही बाटली विकायची नाही, आणि कामावरच्या माणसाला मजुरीच्या बदल्यात किंवा मजुरीच्या वर बाटली द्यायची नाही. दोन्ही अटी आजही जशाच्या तशा पाळल्या जातात. वाईन म्हणजे दारूच नव्हे, असे म्हणणारे अनेक जण मी ऐकले आहेत आणि त्यांचा हेतू शेतकऱ्याच्या भल्याचा असतो हेही मला मान्य आहे. पण ज्या द्रवात 12 ते 13 टक्के अल्कोहोल आहे आणि जो मी रोज स्वतः मोजते, त्याच्याविषयी असे खोटे बोलणे मला जमत नाही. बाबांच्या अटी या प्रामाणिकपणातून आल्या आहेत आणि म्हणूनच मला त्या ओझे वाटत नाहीत.

आता बागेविषयी, कारण आमच्या वाईनचे जे काही बरेवाईट होते ते बहुतांशी बागेतच ठरलेले असते.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते आणि शरदात फळ देते. आपल्याकडे वेल झोपत नाही. तिला वर्षातून दोनदा छाटावे लागते आणि त्यातून एकच पीक घ्यावे लागते. सप्तशृंग गडावर चैत्रोत्सवाची गर्दी असते त्याच सुमारास आम्ही खरड छाटणी करतो. उन्हाच्या तडाख्यात सगळ्या जुन्या काड्या काढल्या जातात आणि ओलांड्यावर, म्हणजे तारेवर पसरलेल्या जाड फांदीवर, एकेक डोळा ठेवला जातो. बाहेरून पाहणाऱ्याला बाग उजाड झाल्यासारखी दिसते, पण पुढील वर्षाचे पीक खरे तर तेव्हाच घडत असते. छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते. त्या दिवसांत वेलीला पाणी, ऊन आणि खत यांचे जे मिळाले किंवा मिळाले नाही, ते काही महिन्यांनी घडांच्या संख्येत दिसते. मग पावसाळाभर काडी पिकवायची, डावणी आणि करपा या रोगांपासून पाने वाचवायची, आणि दसऱ्याच्या आगेमागे गोडी छाटणी करायची. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून छाटलेल्या काडीला पेस्ट लावायची. तेथून फळाचा प्रवास सुरू होतो.

गोडी छाटणीपासून आमची बाग आणि शेजारची थॉमसनची बाग यांच्या वाटा वेगळ्या होतात. शेजारी एकाच ध्यासात असतात: फुगवण. मणी सोळा मिलिमीटरच्या खाली राहिला तर निर्यातीला चालत नाही, म्हणून जीएच्या (जिबरेलिक ॲसिड या वाढ-संप्रेरकाच्या) फवारण्या, घड द्रावणात बुडवणे, एकेका घडातील मण्यांची विरळणी, भरपूर पाणी, असे सगळे हिशेब मण्याच्या आकारासाठी असतात. त्यांत कमी लेखण्यासारखे काही नाही. त्या कष्टांवर या जिल्ह्याची घरे उभी आहेत. आम्हाला मात्र मणी लहानच हवा असतो. लाल वाईनचा रंग सालीत असतो, तुरटपणा सालीत आणि बीत असतो, सुगंधाचा मोठा भाग सालीत आणि सालीलगतच्या गरात असतो. मणी जितका फुगेल तितके आत पाणी वाढते आणि साल त्या मानाने कमी पडते. म्हणून जीए नाही, मण्यात पाणी उतरू लागले, म्हणजे मणी मऊ होऊन पिकायला लागले, की ठिबक कमी करायचे, आणि घडसुद्धा मोजून ठेवायचे. आमच्या ओळींत आठ फूट आणि वेलींत चार फूट अंतर आहे, म्हणजे एकरी सुमारे 1,360 वेली. चेनिनचे एकरी सहा टन आणि शिराजचे चार टन, यापुढे आम्ही जात नाही. शिराजच्या एका वेलीवर त्यामुळे जेमतेम तीन किलो माल राहतो.

हे ‘कमी ठेवणे’ शिकायला घराला सर्वांत जास्त वेळ लागला. पेठ आणि सुरगाण्याकडून ज्या टोळ्या आमच्याकडे छाटणीला आणि विरळणीला येतात, त्यांतील एक मावशी माझ्या लग्नाच्या आधीपासून ही बाग ओळखतात. पहिल्यांदा आम्ही शिराजचे लहान, हिरवे घड तोडून ओळीत टाकायला सांगितले, तेव्हा त्यांनी कात्री खाली ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘चांगला माल हाये बाई हा. कशाला पाडायचा?’’ मला नीट उत्तर देता आले नाही. पुढच्या वर्षी आम्ही दोन ओळी त्यांच्या मनाप्रमाणे भरलेल्या ठेवल्या. तोडणीच्या वेळी दोन्हीकडचे मणी त्यांच्याच हातावर ठेवले. भरलेल्या ओळींतला मणी फिकट होता, चव पाणचट होती, आणि बी अजून हिरवट होती. त्यांनी बी दातांनी फोडून पाहिली आणि काही न बोलता तिसऱ्या ओळीत जाऊन विरळणी सुरू केली. त्या दिवसापासून नव्या मुलींना घड कुठला ठेवायचा आणि कुठला पाडायचा हे त्याच शिकवतात.

थंडीचेही तसेच. डिसेंबरच्या शेवटी निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी येते, तेव्हा सगळा बागाईतदार वर्ग अस्वस्थ होतो, कारण कडाक्याच्या थंडीत फुगवण थांबते आणि मण्याला तडे जातात. रात्री बागांमध्ये शेकोट्या पेटतात, पहाटे पाणी सोडले जाते. शेजारच्या बांधावर धूर दिसत असताना आमच्या घरी मात्र दिलासा असतो, कारण थंड रात्री द्राक्षातले आम्ल टिकवून धरतात आणि उष्ण प्रदेशातील वाईनला त्या आम्लाचीच सर्वांत जास्त गरज असते. शेजाऱ्याच्या चिंतेच्या रात्री आपल्याला बरे वाटावे, याचा मला संकोच वाटतो. आमचा माणूसही त्या रात्री त्यांच्या बागेत शेकोटी राखायला जातो.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मी दर दोन दिवसांनी नमुना घेते. नमुना घेणे हे दिसते तितके सोपे नाही. हात नकळत सुंदर घडाकडेच जातो आणि मग सगळा हिशेब फसतो. म्हणून मी ओळीत न पाहता ठरावीक पावलांवर थांबते, एकदा पूर्वेच्या बाजूचा, एकदा पश्चिमेच्या बाजूचा, कधी घडाच्या खांद्यावरचा, कधी शेंड्याचा, असे दोनशे मणी पिशवीत जमवते. ते कुस्करून रसाचा ब्रिक्स, म्हणजे त्यातील साखरेचे प्रमाण, पाहायचा, आम्ल मोजायचे, पीएच पाहायचा, आणि मग आकडे बाजूला ठेवून साल चावायची. चेनिन आम्ही 21 ते 22 ब्रिक्सच्या दरम्यान तोडतो, शिराज 23 च्या पुढे. दर लिटर रसातील सुमारे 17 ग्रॅम साखरेचा एक टक्का अल्कोहोल होतो, त्यामुळे गोडी किती चढू द्यायची हा निर्णय म्हणजेच वाईन किती कडक होणार याचा निर्णय असतो. नानांना अजूनही वाटते की गोडी आणखी चढू द्यावी. बागाईतदाराला गोडीचा मोह सुटत नाही. मी आम्लाच्या बाजूने बोलते. आमच्या घरातील बहुतेक वाद जानेवारीत होतात आणि ते अर्ध्या ब्रिक्सवरून होतात.

चेनिनची तोडणी आणि त्र्यंबकेश्वरची निवृत्तीनाथांची यात्रा यांचा काळ जवळजवळ एकच. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला पोहोचण्यासाठी जिल्हाभरातून दिंड्या निघतात आणि आमच्या रस्त्यावरूनही जातात. पहाटे चार वाजता कपाळावर दिवे बांधून आम्ही ओळींत उतरतो, कारण द्राक्ष थंड असतानाच प्रेसपर्यंत पोहोचले पाहिजे; ऊन लागलेल्या घडाचा रस लवकर तपकिरी पडतो आणि त्याचा सुगंध उडतो. क्रेटमध्ये माल फार भरायचा नाही, खालचे मणी फुटता कामा नयेत. अंधारात कात्र्यांचा आवाज, थंडीने बधिर झालेली बोटे, आणि कुठल्याशा वस्तीवर मुक्काम केलेल्या दिंडीचा काकडा. साडेआठच्या आत बाग सोडायची, हा नियम.

प्रेसमधून चेनिनचा पहिला रस येतो तो गढूळ, पोपटी आणि इतका गोड असतो की जीभ चिकटते. त्याचा पहिला पेला देवापुढे जातो आणि मग बाबा तो पितात. यीस्ट अजून पडलेले नसते, तो केवळ द्राक्षाचा रस असतो, म्हणून त्यांच्या माळेला बाध येत नाही. आमच्या घरात त्या हंगामाचा पहिला अभिप्राय त्यांचा. त्यांनी 1970 च्या दशकापासून द्राक्षे पिकवली आहेत, आणि वाईन न चाखताही त्यांना रसावरून बरेच काही कळते. ‘यंदा पाणी जास्त पाजलंय’ असे ते म्हणाले, त्या वर्षी ठिबकच्या वहीत खरोखरच एक पाळी जास्त निघाली होती.

रस रात्रभर दहा अंशांपर्यंत थंड ठेवला की गाळ खाली बसतो. सकाळी वरचा निवळ रस दुसऱ्या टाकीत घ्यायचा, कोमट पाण्यात यीस्ट जागे करायचे, त्याला थोडा थोडा रस पाजत टाकीच्या थंडाव्याची सवय लावायची आणि मग सोडायचे. पहिला दिवस काहीच घडत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाकीच्या आतून बारीक सरसर सुरू होते, चुलीवर दूध उतू जाण्याआधी जसा आवाज येतो तशी. बाबा त्यासाठी रोज शेडमध्ये येत, स्टीलला कान लावत आणि ऐकू आले की एकच शब्द बोलत: ‘‘उठली.’’ तोच शब्द मी माझ्या वहीत वापरते. ‘टाकी 3, उठली, सकाळी सव्वासात.’

चेनिन आम्ही 15 अंशांच्या आसपास ठेवतो आणि ती पंधरा-वीस दिवस सावकाश आंबते. तापमान चढले की यीस्ट घाई करते, आणि घाईत फुला-फळांचे सगळे गंध वायूबरोबर निघून जातात. 2016 च्या फेब्रुवारीत नेमके हेच झाले. गावाचे रोहित्र जळाले, चिलर बंद पडला आणि दोन हजार लिटरची टाकी ऐन जोमात होती. जनरेटर मिळायला दीड दिवस गेला. तोवर आम्ही टाकीला ओली गोणपाटे गुंडाळली, पिंपळगावहून बर्फाच्या लाद्या आणून टाकीभोवती रचल्या, आणि दर तासाला मी तापमान लिहीत राहिले: 17, 19, 22, 24. पहाटे शेडभर पिकलेल्या पेरूसारखा वास भरला. इतका सुंदर वास मी पुन्हा कधी घेतलेला नाही, आणि तो वास बाटलीत असायला हवा होता. वाईन बिघडली नव्हती, पण तिच्यात सांगण्यासारखे काही उरले नव्हते. ती आमच्या नावाने भरायची नाही असे ठरले. जनरेटर त्याच वर्षी कर्ज काढून घेतला.

शिराजचे काम निराळे, अधिक अंगमेहनतीचे. येथे रस सालींसकट आंबतो. वायूच्या जोराने साली वर येऊन जाड थर धरतात आणि तो थर दिवसातून तीन-चार वेळा खाली दाबावा लागतो, नाही तर तो कोरडा पडून आंबूस होतो आणि रंगही उतरत नाही. दाबताना आधी थर दगडासारखा वाटतो, मग एका जागी खचतो आणि खालून ऊन, जांभळा फेस वर येतो. त्या दिवसांत शेडची दोन्ही दारे उघडी ठेवायची आणि एकट्याने टाकीवर वाकायचे नाही, हा नियम मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे, कारण आंबण्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, वास येत नाही आणि खाली साचतो. आठ-दहा दिवसांनी रस काढून घ्यायचा, चोथा दाबायचा, आणि तो चोथा शेणखतात मिसळून पुन्हा त्याच ओळींत न्यायचा. शिराजचा काही भाग आम्ही 225 लिटरच्या ओकच्या पिंपांत वर्षभर ठेवतो. एका नव्या पिंपाच्या किमतीत चांगली दुभती म्हैस येते, असे नाना म्हणतात. म्हणून आमच्याकडे पिंपे चारच आहेत.

अशा रीतीने सुमारे वीस टन द्राक्षांतून बारा-तेरा हजार लिटर वाईन होते आणि गाळ, गळती वजा जाता सोळा हजारांच्या आसपास बाटल्या भरतात. मोठ्या वायनरीच्या एका टाकीत आमचा सगळा हंगाम मावेल. विक्रीचा भाग मला फारसा आवडत नाही, तो माझे दीर सांभाळतात. मद्य जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे प्रत्येक राज्याचा कर वेगळा, परवाना वेगळा, लेबलची नोंदणी आणि तिचे शुल्कही वेगळे. लाख बाटल्या विकणाऱ्याला ते शुल्क जाणवत नाही. तीनशे बाटल्या पाठवणाऱ्याची त्यात सगळी कमाई जाते. म्हणून आम्ही महाराष्ट्राबाहेर गेलोच नाही. निम्म्याहून अधिक बाटल्या शेडवर आलेल्या पाहुण्यांनाच विकल्या जातात, आणि पाहुण्यांना मी आधी बाग दाखवते. 27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा अनेकांनी आमचे अभिनंदन केले. तो निर्णय विरोधामुळे प्रत्यक्षात आला नाही, पण आला असता तरी शेकडो दुकानांच्या फळ्या बारा महिने भरलेल्या ठेवणे आमच्यासारख्यांना शक्यच नव्हते. लहान वायनरीला मदत करायची असेल तर नोंदणीचे शुल्क बाटल्यांच्या संख्येनुसार ठेवावे, असे मला वाटते, आणि हे मी जेथे संधी मिळेल तेथे सांगते.

‘क्षमता वाढवा, द्राक्षे विकत घ्या, पन्नास हजार लिटरवर जा’ असा सल्ला आम्हाला दर वर्षी कोणी तरी देते. मागच्या वर्षी कर्जाचा प्रस्तावही तयार होऊन आला होता. नानांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, ‘‘जीए मारल्यासारखं होईल.’’ त्यावर चर्चा झाली नाही. विकत घेतलेल्या द्राक्षाचा ब्रिक्स मला कळेल, पण त्या बागेत एप्रिलमध्ये काय झाले, पावसाळ्यात कोणते पान गेले, कोणी किती घड पाडले, हे कळणार नाही. आणि ते कळल्याशिवाय टाकीत काय करायचे हे ठरवायला मला शिकता आलेले नाही. वाढ करायचीच असेल तर पडीक पाऊण एकर मुरमाड तुकड्यावर 110आर खुंटावर (ज्या मुळांवर कलम बसते त्या जातीवर) थोडी नवी शिराज लावावी, असे मात्र आमचे ठरले आहे. जुनी बाग डॉगरीजवर आहे, आणि तो खुंट वेलीला वाजवीपेक्षा जास्त जोम देतो. खड्डे खणून झाले आहेत.

यंदा बाबा त्र्यंबकला गेले नाहीत. सत्त्याऐंशी वर्षांच्या गुडघ्यांनी नकार दिला. दिंडी रस्त्यावरून गेली तेव्हा ते ओट्यावर हात जोडून उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवशी चेनिनची तोडणी होती म्हणून खुर्ची टाकून शेडच्या दारात बसले. पहिला पेला मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोन घोट घेतले, पेला उजेडात धरला आणि म्हणाले, ‘‘आंबट राहिलंय जरा. बरं झालं.’’ नाना माझ्याकडे पाहून काही बोलले नाहीत. त्यांनी गोडीसाठी आणखी तीन दिवस मागितले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी टाकी उठली. बाबांचे कान आता काम देत नाहीत, म्हणून त्यांनी स्टीलला कान लावला नाही. तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, आणि मला वहीत लिहायला सांगितले.